शेवटचा फर्मा तुझ्या आईचा

३ नोव्हेंबर

कातरू,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं ओळखून तू ते न उघडताच केरात टाकशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता घाईबाईकडून लिहून घेतला. आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पहिल्या फर्म्याला बसायची तीच ही घाईबाई. तिनं तो इतक्या घाईत लिहिला, की तुमच्या पोस्टमनला लागला असेल तर तो माणूस मोठा विद्वान समजायचा.

तुझा ठावठिकाणाही तिच्याकडूनच कळला. तिचा भाचा तुमच्या शहरात एका मोठ्या हॉटेलात उतरला होता. मागच्या अंगणातून जाताना त्यानं तुला पाहिलं म्हणे. तू काय काम करत होतीस तेही त्यानं सांगितलं, पण ते मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही. "मोठ्या हॉटेलात असते" एवढंच म्हणालो.

"असते म्हणजे काय हो? राहते की राबते?"

"असते," मी म्हणालो.

तिनं मान फिरवली. पुढे विचारलं नाही. तुझ्या आईनं न विचारणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

घरी सगळं ठीक आहे. तिची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली आहे. तिथं उजेड चांगला येतो आणि रस्त्यावरची माणसं दिसतात. ती जरा दमते, पायाला सूज येते, पण उतरते. काळजी करण्यासारखं काही नाही.

मी दुपारी तिच्या पायाशी खुर्ची टाकून बसतो आणि काहीबाही आठवत राहतो. परवा तिसरीच्या पुस्तकातली होडीची कविता आठवली. गुरुजी मला ती उभं करून म्हणायला लावायचे.

होडी म्हणे काठाला, सैल कर रे दोर,
पाण्यावरती हिंडू दे, मी नाही रे चोर.

पुढची दोन कडवी धडाधड आली. शेवटचं आलं नाही. ते मला तेव्हाही येत नसे, आणि गुरुजी मला तिथंच, अर्ध्या पाण्यात, बाकावर उभा ठेवायचे.

कटिंग मशीनखालच्या कागदाच्या ढिगात तू लोळायचीस आणि केसांत पांढऱ्या पट्ट्या घेऊन घरी यायचीस, म्हणून तू कातरू. या नावानं तुला हाक मारणारी आता आम्ही दोघंच. उत्तर लिहावंसं वाटलं तर माझ्या नावे नको, आईच्या नावे लिही.

तुझे बाबा


२१ नोव्हेंबर

कातरू,

उत्तर आलं नाही. मी तशी अपेक्षा धरली नव्हती, असं लिहिणार होतो. पण रोज पोस्टमनच्या वेळेला मी दाढी करत बसतो आणि ती त्याच्यासाठी नसते.

तू कारखाना टेबलाखालून पाहिलास. तुला बायकांचे पाय दिसायचे आणि वरून आवाज यायचे. मी वरून पाहिलेलं सांगतो, कारण ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. गुणगुणी गेली. खळवाली मावशी मुलाकडे गेली ती परतली नाही. घाईबाईला आठवायला सवड नसते. आणि तुझी आई त्यातलं काही बोलत नाही, तू गेलीस त्या दिवसापासून.

छापखान्यातून ताव यायचे. एकेका तावावर सोळा पानं. एका बाईकडे एकच ताव. तिनं दिवसभर त्याच्याच घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीनं दाबायच्या, थप्पी लावायची. घडी पडली की त्याचा फर्मा झाला. पहिला फर्मा घाईबाईचा, मधले कुणाकुणाचे, शेवटचा तुझ्या आईचा. शेवटचा बहुधा अर्धाच असतो. त्याची घडी वेगळी, आणि ती हात न चुकता घालणारी तीच एक. मग मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत एकेक फर्मा उचलायचो, क्रमानं लावायचो, शिवायला द्यायचो. गोष्टीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत जाणारा त्या खोलीत मी एकटाच.

बायका हात चालवता चालवता वाचायच्या. आपली सोळा पानं फक्त, पण दिवसभर तीच, म्हणजे पाठच. डब्याच्या सुट्टीत घाईबाई सुरू करायची, आणि गोष्ट टेबलाभोवती फिरत फिरत तुझ्या आईपाशी यायची.

मालकांकडे तेव्हा ग्रंथालयांचं मोठं काम होतं. जगातल्या जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्या, भाषांतर केलेल्या. बर्फाच्या मुलखातली, वाळूच्या मुलखातली, समुद्रापलीकडची. देश वेगळे, बाई तीच. कुणाला ठरवून दिलेला नवरा नको होता. कुणी विधवा असून गाणं शिकायला निघाली. पहिल्या फर्म्यात ती खिडकीशी उभी असायची, मधल्यात दार उघडायची, आणि शेवटच्यात मरायची. पाण्यात, बर्फात, भाड्याच्या खोलीत तापानं. लिहिणारे मोठे लोक होते. त्यांना तिचं फार वाईट वाटायचं. इतकं वाईट वाटायचं, की त्यांनी तिला जगू दिलं नाही.

तुझ्या आईनं पहिल्यांदा शेवट बदलला तेव्हा तू नव्हतीस. आमचं लग्नही झालेलं नव्हतं. गोष्ट एका सरदाराच्या सुनेची होती. गुणगुणीनं आपल्या फर्म्यात तिला कोळ्याच्या होडीत बसवून सोडलं होतं आणि तिचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता.

"मग? पुढे काय झालं गं?"

तुझी आई डब्याचं झाकण लावत होती. सून नदीत बुडते, हे मी सकाळी फर्मे लावताना वाचलेलं.

"पुढे होडी उलटली," ती म्हणाली.

"अगं बाई!"

"उलटली. पण काठावर एक कपडे धुणारी होती. तिनं हिला केसांना धरून ओढली. म्हणाली, बाई, मरायचंच असेल तर उद्या मर. आज माझ्याकडे चादरी पिळायला दुसरं कुणी नाही."

"मग?"

"मग काय. एक टोक हिनं धरलं, दुसरं तिनं. लागल्या पिळायला. अजून पिळतायत."

खळवाली मावशी एवढी हसली की खळीचं भांडं कलंडलं. हसू आवरल्यावर तिनं विचारलं, "आणि घरी ठेवलेलं पोर गं तिचं?"

तुझ्या आईनं डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "ते होय? ते आलं की मागून धावत. एक चप्पल पायात, एक हातात."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी एका टोकाला फर्म्यांची थप्पी छातीशी धरून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला खरं माहीत आहे हे तिला माहीत होतं. मी काही बोललो नाही. का बोलू? खोटं मला आवडलं होतं, आणि सांगणारीही.

पुस्तकं बांधून झाली की गाठोडी थेट ग्रंथालयांच्या गाडीत चढायची. आमच्यातलं कुणी ग्रंथालयाची पायरी चढत नसे. त्यामुळे वर्षानुवर्षं आमच्या त्या टेबलाभोवती जगातली एकही बाई मेली नाही. एकीनं पावाची भट्टी टाकली. एक सर्कशीत तिकिटं फाडायला लागली. आणि गुणगुणी, जिचा पगार तिचा दीर दारात उभा राहून घेऊन जायचा, ती एका पगाराच्या दिवशी मागच्या दारानं निघून गेली. दीर पुढच्या दारात अंधार पडेपर्यंत उभा.

पुढे तू टेबलाखाली आलीस. तोवर तुझी आई तरबेज झाली होती.

थंडी पडू लागली असेल तिकडे. कान झाकत जा.

तुझे बाबा


१२ डिसेंबर

कातरू,

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. गोळ्या बदलल्यात. चढायला जिने नकोत म्हणाल्या. आपल्याकडे जिने नाहीतच, तेव्हा ते पथ्य आपोआप पाळलं जातं.

घाईबाई काल आली होती. उभ्या उभ्याच बसली. म्हणाली, "पोरीनं काय म्हणून सोडलं हो ते घर? जावयानं हात तरी उगारला होता का कधी?" लोक अजून हेच विचारतात, जसं काही तेवढ्या एका गोष्टीवर घर चालतं. मी उत्तर देणार, तेवढ्यात खाटेवरून तुझी आई म्हणाली, "साखरेवरून."

घाईबाईला वाटलं आजारपणात बोलतेय. पण मला तो प्रसंग तू सांगितलेला आठवतो. पाहुणे आले होते. कुणीतरी तुला विचारलं, वहिनी, तुम्हाला साखर किती? आणि तू तोंड उघडण्याआधी जावई म्हणाले, तिला एक चमचा. लग्नापासून तुला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ते देत आले होते. तू दोन चमचे घेणारी. इतकी वर्षं एका चमच्याचा चहा प्यालीस. त्या दिवशी कप खाली ठेवलास आणि उठलीस.

अंगणात पोरगा खेळत होता. तू त्याला हाक मारलीस आणि फाटकाबाहेर चालू लागलीस. मागं वळून पाहिलं नाहीस, कारण तुला ठाऊक होतं ना, मूल मागून येतं. एक चप्पल पायात, एक हातात. कोपऱ्यावर जाऊन तू थांबलीस. मग वळून पाहिलंस. तो खेळतच होता.

पुढे कोर्टकचेरीत साहेबांनी त्याला विचारलं, बाळ, कुणाकडे राहणार? त्यानं बापाचं बोट धरलं. पाच वर्षांचं पोर, तिकडच्या आजीनं जसं शिकवलं तसं. तू त्याला दोष दिला नाहीस. जावयांनाही फारसा नाही. आपल्या घरी येऊन राहिलीस, रोज सकाळी ग्रंथालयात जायचीस. मला वाटलं, वाचनात मन रमतंय पोरीचं. तुझी आई मात्र त्या दिवसांत भांडी आपटायची, हातातून वस्तू पडायच्या. तू कुठली पुस्तकं शोधतेयस ते तिला कळलं होतं.

मग ती सकाळ. तू ओट्यावर पुस्तकं मांडलीस, आमच्याच कारखान्यात बांधलेली, प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून. म्हणालीस, "सगळ्या मेल्या, आई. एकूण एक." आणि ट्रंक उचललीस.

ती त्या पुस्तकांपाशी बराच वेळ उभी होती. मग तिनं एकेक मिटलं. मिटताना काठावरून अंगठा फिरवत होती, घडी नीट पडली आहे का ते बघत. सवयच ती.

मी हे का लिहितो आहे? तू आणि ती, दोघींपैकी कुणीतरी आधी बोलायला हवं. ती इकडून बोलणार नाही, तिला हक्क वाटत नाही. तुझ्याकडे वेळ आहे. तिच्याकडेही आहे. पण तुझ्याकडे जास्त आहे.

तुझे बाबा


५ जानेवारी

कातरू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं ते खिडकीतूनच तुझ्या आईच्या पांघरुणावर टाकलं, आणि तिनं उचलून डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. इतकी वर्षं सोळा पानं एका नजरेत वाचणारी ती. म्हणाली, "अक्षर तिचंच ना?"

"तिचंच."

"वाचा की मग. बघत काय बसलात?"

मी पाहिलं. एकच ओळ होती. आणि मग कातरू, मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. तू खुशाल आहेस. खोली मोठी आहे, समोर बाग आहे. खिडकीला निळे पडदे शिवलेस. शेजारच्या बाई चांगल्या आहेत. आईची आठवण काढतेस. सुट्टी मिळाली की येणार आहेस. मला वाटलं बरं जमतंय. पडद्यांवर बारीक पांढरी फुलंसुद्धा काढली मी.

ती शांतपणे ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "कार्ड एवढंसं, आणि मजकूर गाडीभर?"

मी कार्ड उलटसुलट केलं.

"तुम्हाला शेवट जमत नाही हो," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी नवशिक्याला सांगावं तसं. "खोटं सांगायचं तर बाईच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. पडद्यांवर कुणी जगत नाही. आता खरं वाचा."

मी वाचलं. 'आईला सांगा, मूल मागून येत नाही.'

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. पाठ हलत नव्हती, म्हणून मी नाकाशी हात धरून पाहिला, तर म्हणाली, "आहे अजून."

दुपारी चहा घेऊन गेलो तेव्हा ती आपणहून बोलली. जसं बोलली तसं लिहितो. तिनं सांगितलंय, मधे आपलं काही घालू नका.

"दिवसभर मी तिला बुडवायचे. एका घडीला एकदा. हजार प्रती म्हणजे हजारदा, या हातांनी, आणि वर पट्टीनं दाबून, वर यायला नको म्हणून. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. हात दुखायचे नाहीत तेवढं ते दुखायचं. मग डब्याच्या वेळी एकदा तिला काठावर घेतली. त्यात कुणाचं काय गेलं? त्याबद्दल मी माफी मागणार नाही, सांगा तिला.

"पण पोराचं मी सांगायला नको होतं. मावशीनं विचारलं, तिला बरं वाटावं म्हणून जोडलं. मग दरवेळी जोडत गेले. दार उघडण्याची काय किंमत पडते ते मी तिच्यापासून लपवलं. बाहेर पडू नको असं मी तिला म्हटलं नसतं. पण वळून बघ आधी, असं म्हटलं असतं. ते तेवढं माझं चुकलं. लिहा."

मी म्हणालो, "लिहिलं."

"आणि साखर दोन चमचे घेते का आता, ते विचारा."

विचारतो आहे.

तुझे बाबा


२ फेब्रुवारी

कातरू,

आता लपवण्यात अर्थ नाही. सूज उतरत नाही. पाणी छातीपर्यंत चढलं आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात. आडवी झाली की श्वास लागतो, म्हणून उशांचा डोंगर करून तिला बसती ठेवतो. पहिल्या पत्रापासून मी 'जरा दमते' लिहीत आलो, तेव्हाही ती जरा दमत नव्हती. तिनंच तसं लिहायला लावलं. म्हणायची, "आजारपणाच्या नावानं बोलावलेली मुलगी पाहुणी म्हणून येते." मी तुला बोलावलेलं तिला चालणार नाही. तरी बोलावतो आहे. ये.

तुझ्या मुलालाही दोन ओळी टाकल्या, आजी आजारी आहे म्हणून. आता तो नोकरीला लागला असेल. मी त्याला पाहिलेलं नाही, मोठा झाल्यापासून.

परवा तिनं मला विचारलंच. "ती तिथं करते काय, ते सांगा आता. घाईबाईच्या भाच्यानं पाहिलं ते. बोला."

मी आढेवेढे घेतले. मला वाटत होतं तिला लागेल. शिकलेली पोर.

"हॉटेलच्या मागं एक खोली आहे," मी म्हणालो. "वाफेनं भरलेली. तिथं ती चादरी घड्या करते."

"काय करते?"

"चादरी. गरम रुळाखालून निघाल्या की दोघी दोन टोकं धरतात आणि घडी घालतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. कातरू, किती वर्षांनी हसली ती! खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, मी पाठ चोळत होतो आणि ती माझा हात बाजूला सारून हसत होती.

"चादरी!"

"हो."

"आणि दुसरी कोण? दुसरं टोक कुणाच्या हातात?"

"असेल कुणीतरी."

"असणारच," ती म्हणाली. "चादरीची घडी एकटीला घालता येत नाही." मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "एवढ्या मोठमोठ्या लोकांनी एवढी पुस्तकं लिहिली. त्यांतली एक तरी बाई शेवटच्या पानावर चादर झटकत उभी होती का हो?"

"नाही."

"माझी आहे."

त्यानंतर ती झोपली. बोटं पांघरुणावर हलत होती. मी नीट पाहिलं. घडी घालत होती. अर्धी, मग पुन्हा अर्धी, मग अंगठा काठावरून. शेवटच्या फर्म्याची, ती वेगळी घडी.

जागी झाल्यावर मला म्हणाली, ती होडीची कविता म्हणा. मी म्हणालो, शेवटचं कडवं येत नाही. म्हणाली, "बरं झालं. तिथंच राहू द्या तिला, पाण्यावर."

गाडीचं तिकीट काढलंस तर कळवू नकोस. नुसती ये.

बाबा


२६ फेब्रुवारी

कातरू,

तुझी आई गुरुवारी दुपारी गेली.

मी तिला पाणी पाजत होतो. बाहेर रस्त्यावर कुणीतरी फाटक लावलं, आणि तिनं मान वर केली. मला विचारलं, "आलं का कुणी?" मी खिडकीतून पाहिलं. शेजारची फाटक लावून बाजाराला निघाली होती. मी म्हणालो, "शेजारची." ती म्हणाली, "हं." मग तिनं घोट घेतला, आणि पुढचा घेतला नाही.

घाईबाई आली होती. त्या दिवशी तिला कसलीही घाई नव्हती. सगळं आटपेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली. जाताना मला म्हणाली, "अहो, ती सरदाराची सून. ती मेली होती ना खरी?" मी मान हलवली. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आम्हां सगळ्यांनाच कळलं होतं. बायांनो, आपल्याला कोण ओढून काढणार, कोण चादरी पिळायला देणार, असं गुणगुणी म्हणायची. पण डब्याची वेळ कधी होते असं होऊन जायचं."

आम्ही दोघं उगाच समजत होतो, की ते फक्त आम्हां दोघांनाच ठाऊक आहे. हे तुझ्या आईला सांगायला मी खाटेकडे वळलो. खाट तोवर उचलून मागं ठेवली होती.

आता तुला जे ऐकायचं असेल, आणि विचारायला नको असेल, ते. तुझा मुलगा आला नाही. त्याचं पत्रही आलं नाही. ती गेल्यावर दोन दिवस मी दाराकडे तोंड करून बसलो होतो. आला होता, असं लिहिणं मला सहज जमलं असतं. उंच झालाय, तुझ्यासारखा डावीकडे मान कलती ठेवून उभा राहतो, तिच्या हाडाच्या पट्टीवरून बोट फिरवून गेला. बघ, किती पटकन लिहून झालं. तिच्याजवळ राहून एवढं तरी मी शिकलो. पण पोराबद्दल खोटं नको, हे तिनं सांगून ठेवलंय. म्हणून तो आला नाही, असं लिहितो. त्याला तुझा पत्ता पाठवला आहे, हेही खरं आहे. तो त्याचं काय करील ते मला माहीत नाही.

तूही आली नाहीस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तिनं कधी विचारलं नाही, ती का येत नाही म्हणून. एकदाच म्हणाली, "हंगाम असेल. हॉटेलं भरली असतील. चादरी फार निघत असतील."

पट्टी मी तुझ्यासाठी ठेवली आहे. तिच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजून पातळ झाली आहे. तुझ्या कामात तिचा उपयोग नाही, चादरीला हात पुरतात. तरी ठेवली आहे.

घर आता फार नीटनेटकं राहतं. त्याचंच वाईट वाटतं. दुपारी मी त्याच खुर्चीत बसतो, समोर खाट नसताना. होडीची कविता म्हणतो, तीन कडवी, आणि थांबतो.

मला तुझ्याकडून काही नको. काही लिहू नकोस. तुला सुचणार नाही आणि मला सोसणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एक कोरं कार्ड टाक. मागं काहीच नको. पुढं माझा पत्ता तेवढा तुझ्या हातानं लिहिलेला असला, की मला कळेल, दुपार आहे, खोलीत वाफ आहे, चादरीचं एक टोक तुझ्या हातात आहे आणि दुसरं कुणीतरी धरलं आहे.

तुझे बाबा